नौलधारला उतरणाऱ्या

लिचीला मोहोर आला की डेहराडूनच्या अर्ध्या कचेऱ्या शिंकायला लागतात. मेट्रोच्या कार्यालयातल्या पहिल्या मजल्यावर त्या सकाळी तिघं शिंकत होते आणि चौथा, जयकृत गुसाईं, नाकाला रुमाल लावून डोंगराचा नकाशा बघत होता.

डोंगरात मेट्रो न्यायची, हे ऐकून लोक हसायचे. पण हसणारेच पुढे मे महिन्यात ऋषिकेशच्या वर सहा सहा तास गाड्यांच्या रांगेत अडकायचे, तेव्हा त्यांचं हसू मावळायचं. यात्रेकरू, बर्फ बघणारे, नदीत उड्या मारणारे, नुसत्याच रील काढणारे, सगळ्यांना त्याच एका रस्त्याने वर जायचं असतं. त्यांना रुळावरून न्यायचं, तर आधी कोण कुठून येतं आणि कुठे जातं ते कळायला हवं. ते शोधणं जयकृतचं काम. दोन महिने त्याची माणसं बसस्टँडवर, जीपच्या थांब्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर फॉर्म घेऊन उभी होती. एक्केचाळीस हजार फॉर्म भरून झाले होते.

"हा घ्या शेवटचा गठ्ठा, भैजी," म्हणत सतेश्वरी बडोनीने टेबलावर दणका दिला. सर्वेक्षणाच्या सगळ्या तुकड्यांवर तिची देखरेख होती. पंचेचाळिशीची, पायात कायम बूट, आणि तोंड असं की जीपवालेही वाट सोडायचे. "एकाने लिहिलंय, प्रवासाचं कारण, बायकोपासून सुटका. आणि खाली, सोबत कोण, तर बायको."

"मग त्याला कुठल्या रकान्यात घालू?"

"दुःखी पर्यटक असा नवा काढा. भरून वाहील."

जयकृत हसला. भैजी म्हणजे थोरला भाऊ. तो तिला भुली म्हणायचा, धाकटी बहीण. गढवालात कामाच्या ठिकाणीही माणसं अशी नाती लावूनच बोलतात, नुसत्या नावाने बोलणं रुक्ष वाटतं. पण भैजी हा शब्द तिच्या तोंडून आला की त्याला दर वेळी बारीकसं काहीतरी टोचायचं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दुपारपर्यंत शेवटचा गठ्ठा संगणकात गेला आणि नकाशावर निळी वर्तुळं उमटली. जिथे जास्त माणसं उतरणार तिथे मोठं वर्तुळ, आणि पुरेशी माणसं असली की संगणक स्वतःच तिथे स्टेशन सुचवायचा. ऋषिकेशचं वर्तुळ भाकरीएवढं होतं. वर डोंगरात लहान लहान ठिपके होते, आणि त्यांच्यामध्ये डोंगराच्या एका धारेवर, जिथे रस्तासुद्धा धड जात नाही, तिथे एक ठळक निळं वर्तुळ होतं.

क्रमांक सत्त्याऐंशी. नौलधार.

जयकृतने रुमाल खाली ठेवला.

नौलधार त्याचं गाव. गाव म्हणजे आता तेवीस घरं आणि तेवीस कुलपं. लोक एकेक करून खाली उतरले, कुणी डेहराडूनला, कुणी दिल्लीला, आणि शेवटची म्हातारी जाऊनही आता चौदा वर्षं झाली होती. शिरगणतीत लोकसंख्या शून्य. सर्वेक्षणासाठी गावांची यादी केली तेव्हा रिकामी गावं खोडायची, असा नियम जयकृतनेच घातला होता. बाकीची सगळी रिकामी गावं त्याने बिनदिक्कत खोडली. आपल्या गावाशी आला आणि हात चालेना. राहू दे, कोण बघतंय, म्हणून त्याने नाव ठेवलं. संगणकात नौलधारला क्रमांक मिळाला तो असा, त्याच्या मायेने.

त्याने वर्तुळावर टिचकी मारली. चढणारे शून्य. उतरणारे, दोनशे बारा.

*

"टेबलावर बसून भरलेत," तो सतेश्वरीला म्हणाला. "कुणाला तरी कंटाळा आला, यादीतलं एक गाव धरलं आणि ठोकून दिलं."

सतेश्वरीचे डोळे बारीक झाले. "माझी माणसं? बावीस जणांनी मिळून एकच गाव ठोकून दिलं? एकानेही मसुरी नाही ठोकली?"

ते खरं होतं. फॉर्म बाहेर काढून दोघांनी पसरले, तर अक्षरं वेगवेगळी होती, जागा वेगळ्या, दिवस वेगळे. कोटद्वारचा थांबा, श्रीनगरचा पूल, कुठलंसं पेट्रोल पंपाचं वळण. सतेश्वरीने तिथल्या तिथे चौघांना फोन लावले. उत्तर सगळ्यांचं जवळपास सारखंच आलं. बाई होती. गाठोडं घेऊन बसली होती. विचारलं तर तिने सांगितलं, आम्ही लिहून घेतलं.

"कशी होती दिसायला?" जयकृतने एकाला विचारलं.

"आता काय सांगू सर. थांब्यावर अशी एखादी बाई बसलेलीच असते की. कोण बघतं निरखून?"

त्याने एक फॉर्म उचलला. नाव, रुक्मा देवी. वय एकोणीस. कुठे जाणार, नौलधार. कशासाठी, माहेर. सोबत कोण, भाऊ येणार आहे. वर्षातून किती वेळा जाता, एकदाही नाही. मेट्रो आली तर वापराल का, हो. गाडीसाठी किती मिनिटं थांबायची तयारी आहे, लागतील तेवढी.

दुसरा, चैता देवी, बावीस. तिसरा, मंगसीरी देवी, सतरा. भाऊ येणार आहे. एकदाही नाही. हो. लागतील तेवढी.

पुढच्या नावाशी तो थांबला. बचुली देवी, वय वीस. बचुली ही त्याची आत्या. तो जन्मायच्याही आधी सासरी बाळंतपणात गेलेली. वडील दर चैतात एकदा तिचं नाव काढायचे आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

"काय झालं, भैजी?"

"काही नाही," तो म्हणाला. पण त्याचे हात आता भराभर फॉर्म चाळायला लागले होते. काय शोधतोय ते त्याला ठाऊक होतं. सापडू नये असंही वाटत होतं, आणि सापडावं असंही.

एकशे चाळीस फॉर्म खाली ठेवल्यावर ते सापडलं.

सौणी देवी. वय सत्तावीस. कुठून, बणसारीचं वळण. कुठे, नौलधार. कशासाठी, माहेर. सोबत कोण, भाऊ. किती मिनिटं थांबाल, यापुढे भरणाऱ्याने जागा पुरेना म्हणून समासात लिहिलं होतं. त्याने पत्रात लिहिलंय, येतो म्हणून.

*

आई गेली तेव्हा जयकृत चार वर्षांचा होता आणि थोरली बहीण सौणी दहाची. तिनेच त्याला वाढवलं, पाठीवर घेऊन गवत कापलं, स्वतःच्या ताटातली झंगोऱ्याची खीर त्याला भरवली. एकोणिसाव्या वर्षी ती बणसारीला सासरी गेली. डोंगरातली सासुरवाशीण आपली आपण माहेरी जात नाही. चैतात माहेरचं कुणी अरशांची, गूळ-तांदळाच्या तळलेल्या गोड वड्यांची, टोपली घेऊन दारात यावं लागतं, मग ती निघते. एकटी आली तर लोक म्हणतात, भांडून आली. वडील होते तोवर ते जायचे. ते गेले आणि एकटा जयकृत उरला, तेव्हा तो रुरकीला इंजिनियर होत होता.

पहिल्या चैतात परीक्षा होती. त्याने पत्र लिहिलं, पुढच्या चैतात येतो न्यायला. दुसऱ्या चैतात मित्रांबरोबर सहल होती. ते त्याने पत्रात लिहिलं नाही, परीक्षा लिहिलं. तिसऱ्या चैतात त्याने लिहिलं, या वेळी नक्की.

त्या वर्षी चैत संपला तरी सौणी रोज काम उरकून बणसारीच्या वळणावर, जिथे बस थांबते तिथे, गाठोडं घेऊन बसायची. जावा हसायच्या. भादव्यात एका दुपारी पाऊस उघडल्यावर ती अशीच जाऊन बसली आणि वळण, दगड, टपरी, सगळं खाली नदीत गेलं. काहीही सापडलं नाही.

या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली. जयकृतने नोकरी केली, लग्न केलं, दोन पोरी वाढवल्या, बणसारीच्या रस्त्याने मात्र एकदाही गेला नाही. कामासाठी जायचं असलं तरी दीड तासाचा फेरा घालून दुसऱ्या बाजूने जायचा.

सतेश्वरीला त्याने हे सगळं सांगितलं. आजवर बायकोलाही इतकं सांगितलं नव्हतं. सहलीचंसुद्धा सांगितलं.

तितक्यात प्रकल्पाच्या प्रमुखांचा, नौटियाल साहेबांचा, दिल्लीहून फोन आला. सोमवारी सादरीकरण होतं. "गुसाईंजी, हे सत्त्याऐंशी काय आहे? तिथे राहतं कोण?"

"कुणी नाही, सर."

"मग उतरतं कोण, बिबट्या? उडवा ते. माझं हसं करू नका."

"उडवतो, सर."

फोन ठेवून त्याने वर्तुळावर बोट नेलं. सतेश्वरी खुर्चीत बसून होती.

"उडवा की," ती म्हणाली. "फॉर्म उडवले म्हणून खुद जाते का?"

माहेरच्या ओढीला गढवालात खुद म्हणतात. तहान लागते तशी खुद लागते, आणि तीही पाण्यासारखी एकाच गोष्टीने भागते.

"मी काय करू, भुली?"

"मला काय विचारता? न्यायला जायचं असतं भावाने. चैत अजून सरलेला नाही."

*

रविवारी पहाटे बायको उठायच्या आत त्याने काल करून घेतलेले अरसे टोपलीत रचले. टोपली त्याने डिकीत ठेवली. गाडी नवी होती. कुणी पट्टा लावला नाही की सीटची लाल खूण पेटायची आणि गाडी कोकलत सुटायची. सतेश्वरी तिला गाडी म्हणायचीच नाही, सासू म्हणायची.

बणसारीला तो दहाला पोचला. वळण आता पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. काँक्रीटची भिंत होती, तिच्यावर रंगीत अक्षरात 'सावकाश जा', आणि पलीकडे एकदम मोकळं, खाली नदी. एक पर्यटक कुटुंब भिंतीवर चढून फोटो काढत होतं. ते जाईपर्यंत जयकृत टोपली धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात अरशांची टोपली. आपण मूर्खासारखे दिसतोय, असं त्याला वाटलं, आणि त्याचं काही वाटलं नाही.

मग तिथे कुणी उरलं नाही.

"दीदी," तो म्हणाला. त्याने टोपली पुढे केली. "दीदी, उशीर झाला गं. परीक्षा नव्हती. मी खोटं लिहिलं होतं. चल."

खालून नदीचा आवाज येत होता. काहीच झालं नाही. त्याने भिंतीवर एक अरसा ठेवला, टोपली परत डिकीत टाकली, गाडीत बसला, पट्टा लावला आणि किल्ली फिरवली.

गाडी कोकलायला लागली.

त्याने आधी आपला पट्टा बघितला. लावलेला होता. मग समोर बघितलं. शेजारच्या सीटची खूण लाल पेटली होती.

सीट रिकामी होती. त्याने तिच्यावर काही ठेवलेलं नव्हतं. काच बंद होती, तरी आत ओल्या लोकरीचा वास होता, पावसात भिजलेल्या शालीचा.

घंटी वाजतच होती.

जयकृतने हात लांब करून पलीकडचा पट्टा ओढला. तो नेहमीपेक्षा जास्त ओढावा लागला. खटका बसला, घंटी थांबली. पट्टा सीटच्या पाठीला टेकला नाही. मध्ये जागा सोडून ताठ राहिला.

त्याने शेजारी पुन्हा पाहिलं नाही. त्याला भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं, आणि ते भीतीला बसायला जागाच देत नव्हतं. गाडी त्याने इतकी जपून चालवली की मागचे जीपवाले शिव्या घालून पुढे गेले.

वाटेतल्या डांडाखाल गावच्या नाक्यावर सतेश्वरीचं टेबल होतं. आज त्या रस्त्यावर गाड्यांतली माणसं मोजायचा दिवस होता. नियम जयकृतचाच होता. गाडी हळू करायला लावायची, काचेतून डोकी मोजायची, गाडीचा नंबर आणि आकडा लिहायचा, विचारायचं काही नाही.

सतेश्वरी वाकली. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पलीकडे पाहिलं, आणि तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. वडीलधारी बाई समोर आली की ओढणी सावरतात, तशी तिने ती सावरली. मग तिने कागदावर आकडा लिहिला आणि हाताने खूण केली, जा.

नौलधारच्या खाली रस्ता संपतो. पुढे एक कोस पायवाट आहे. जयकृतने पलीकडचं दार उघडलं, पट्टा सोडवला, आणि टोपली घेऊन पुढे चालायला लागला. न्यायला आलेला भाऊ पुढे चालतो. मागे वळून बघायचं नाही असा काही रिवाज नाही. तो आपल्या मनाने वळला नाही.

बुरांस फुलला होता. वाटेवर लाल सडा पडला होता. चढ लागला तसा त्याचा वेग मंदावला, आणि मागची पानं चुरडण्याचा आवाजही मंदावला.

घराच्या अंगणात खाजकुयली कमरेएवढी वाढली होती. दाराचं कुलूप त्याने दगडाने तोडलं, उंबऱ्यावर टोपली ठेवली आणि बाजूला झाला.

बराच वेळ तो तसाच उभा होता.

मग आतून, चुलीच्या बाजूने, कुणीतरी मोठा श्वास सोडला. पाठीवरचा भारा उतरवल्यावर सोडतात, तसा.

जयकृत अंगणात बसून ढसाढसा रडला.

परतताना गाडीने एकदाही तक्रार केली नाही. नाक्यावर सतेश्वरीने काचेतून पाहिलं आणि कागदावर लिहिता लिहिता म्हणाली, "आता एक."

*

सोमवारी सादरीकरण उत्तम झालं. नौलधार नकाशावर नव्हतं, नौटियाल साहेबांनी पाठ थोपटली. जयकृतला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने सतेश्वरीला अरसा दिला.

तिने तो खाल्ला नाही. हातात धरून उभी राहिली.

"सत्त्याऐंशीचे फॉर्म कपाटात ठेवायला घेतले होते," ती म्हणाली. "दोनशे अकरा भरले."

"माहीत आहे. दीदीचा नसेल त्यात."

"नाही. तो नाहीये." तिने गठ्ठा पुढे केला. "पण बाकीचे बघा."

वरचाच फॉर्म रुक्मा देवीचा होता. तेच अक्षर, तीच निळी शाई, वरच्या कोपऱ्यात तोच चहाचा डाग. सोबत कोण, या रकान्यात परवा लिहिलेलं होतं, भाऊ येणार आहे. आता तिथे लिहिलेलं होतं, जयकृत भाऊ.

त्याने दुसरा उचलला. चैता देवी. जयकृत भाऊ. मंगसीरी देवी. जयकृत भाऊ. बचुली आत्याच्या फॉर्मवर, जयकृत, भावाचा मुलगा. तो उलटत गेला. बावीस जणांच्या बावीस अक्षरांत एकच नाव होतं.

गावातल्या सगळ्या लेकी गावातल्या सगळ्या मुलांच्या बहिणी असतात. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्यांच्यासाठी एक स्टेशन निघालं होतं, ते त्याने सकाळीच खोडलं होतं. आणि गावाचा एक मुलगा न्यायला येतो, हे कालपासून त्यांना कळलं होतं.

"चैत किती उरलाय, भुली?"

"नऊ दिवस," सतेश्वरी म्हणाली.

संध्याकाळी पाचला, उन्हं असतानाच, तो खाली उतरला. कचेरीच्या अंगणात लिचीच्या झाडाखाली त्याची गाडी एकटी उभी होती. आत कुणी नव्हतं. काचांवर मोहोर पडला होता. तो बसला, पट्टा लावला आणि किल्ली फिरवली.

समोर चार लाल खुणा पेटल्या. शेजारची एक आणि मागच्या तिन्ही.

घंटी वाजत राहिली. ओल्या लोकरीचा वास दाटला होता. जयकृतने किल्ली मागे फिरवली, खाली उतरला, मागचं दार उघडलं, आणि एकेकीचा पट्टा जपून लावायला लागला.